वाचकांचे प्रश्न : सिंधुदुर्गची घटती लोकसंख्या

प्रश्न : मूळ गाव कणकवली तालुक्यात असले तरी आम्ही दोन पिढ्या डोंबिवलीत राहतो. 2011 च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या आधीपेक्षा कमी भरली, असे वाचनात आले. हा मोजणीतील दोष आहे का? आणि एवढ्या कमी लोकांसाठी स्वतंत्र जिल्हा हवाच कशाला?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपण वाचलेले खरे आहे. 2001 मध्ये जिल्ह्यात 8,68,825 माणसे होती आणि 2011 मध्ये 8,49,651, म्हणजे दहा वर्षांत 19,174 ची घट झाली. लोकसंख्येने हा राज्यातील सर्वांत लहान जिल्हा आहे. विभाजनापूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात त्याच वर्षी याच्या तेरापट लोक होते. मात्र यात मोजणीचा दोष शोधण्याचे कारण नाही. माणूस नेहमी जिथे राहतो तिथेच त्याची नोंद व्हावी, असा जनगणनेचा नियम असल्याने आपले कुटुंब डोंबिवलीत मोजले गेले, आणि तेच योग्य होते. त्या वर्षीची मोजणी फेब्रुवारीत झाली. गणपती केव्हाच होऊन गेलेले, शिमग्याला अजून अवकाश. अशा वेळी प्रगणक वाडीत गेला की ओटा झाडलेला, दाराला कुलूप आणि शेजारच्या काकींचे उत्तर ठरलेले : "सगळी मुंबैक आसत, गणपतीक येतली."

यातील एक आकडा मला एकूण घटीपेक्षाही बोलका वाटतो. 2001 मध्ये जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1,079 स्त्रिया होत्या, 2011 मध्ये 1,036 राहिल्या. पूर्वी पुरुष चाकरीला जाई आणि बायको-मुले, म्हातारी माणसे गावी राहत. आता बिऱ्हाडच हलते, असा त्याचा अर्थ मी लावतो.

आता आपला दुसरा प्रश्न, जो थोडा रागाने विचारलेला दिसतो. 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून हा जिल्हा वेगळा झाला तो डोकी मोजून नव्हे, अंतर मोजून. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, आणि आज दोडामार्ग तालुक्यात असलेल्या गावच्या माणसाला कलेक्टर कचेरीतल्या एका सहीसाठी रत्नागिरी गाठणे म्हणजे मुक्कामाच्या तयारीनेच निघणे होते. आज मुख्यालय ओरोसला, सिंधुदुर्गनगरीत, जिल्ह्याच्या साधारण मध्यावर आहे. 5,207 चौरस किलोमीटरांत आठ तालुके आहेत आणि 2011 मध्ये शेकडा 87 हून अधिक लोक खेड्यांतच राहत होते. ती खेडीही एका ठिकाणी नांदणारी नव्हेत. एका महसुली गावाच्या वाड्या डोंगरउतारावर आणि व्हाळापलीकडे विखुरलेल्या असतात. घरे निम्मी झाली म्हणून तलाठ्याची पायपीट किंवा नळयोजनेच्या पाइपाची लांबी निम्मी होत नाही.

तरीही घट कागदावरच राहते, असे समजू नये. ग्रामपंचायतीच्या सदस्यांची संख्या लोकसंख्येवर ठरते : 1,500 पर्यंत सात, 3,000 पर्यंत नऊ, आणि पुढे वाढत सतरापर्यंत. दीड हजारांच्या जरा वर असलेल्या गावातून दहा-बारा बिऱ्हाडे गेली, तर पुढील जनगणनेनंतर तेथील दोन जागा जाऊ शकतात. त्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. त्या वर्षीही शिमगा त्यानंतरच येतो.