दिग्दर्शन करायचंय? आधी विंगेत उभा राहा

अरे, पहिल्याच वर्षी राज्य नाट्य स्पर्धेचं दोन अंकी नाटक मागू नकोस. हौशी नाट्यसंस्थेत आधी प्रॉम्प्टिंग कर (विंगेतून नटांना विसरलेली वाक्यं सुचव), नेपथ्य लावायला मदत कर, प्रकाशयोजना सांभाळणाऱ्याशेजारी बस. ब्लॅकआउट, म्हणजे दोन प्रवेशांमधला अंधार, लांबला की प्रेक्षक कसे चुळबुळतात, ते तिथूनच कळतं. मी दोन वर्षं हेच केलं, मग आमच्या ज्येष्ठांनी आपणहून विचारलं, "एकांकिका बसवतोस का?"

तीन पात्रांची, एकाच स्थळाची संहिता घे. लेखकाची लेखी परवानगी आणि संहिता तपासून प्रयोगाला परवानगी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र वेळेत मिळव. वाचनाला आठवडा दे, हालचाली नंतर. हौशी नट दिवसभर नोकरी करून तालमीला येतात रे! ज्याचा प्रवेश नाही, त्याला ताटकळत ठेवू नकोस आणि कुणालाही चारचौघांत झापू नकोस.