मूल आणलेलं असतं

रत्नागिरी

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

मानसशास्त्राच्या प्रशिक्षणात आता मुलांच्या मानसोपचार विभागात तुझं पोस्टिंग लागलं हे वाचून फार बरं वाटलं. मोठ्यांच्या वॉर्डात जे शिकलीस ते इथे उपयोगी पडेलच. पण एक गोष्ट नव्याने शिकावी लागेल, आणि ती अंगवळणी पडायला वेळ लागतो. मोठा माणूस काही वेळा तरी स्वतःच्या पायाने येतो. मूल आणलेलं असतं. कोणी आणलं, कोणाच्या सांगण्यावरून आणलं आणि आजच का आणलं, हे कळेपर्यंत निदानाकडे वळू नकोस.

केसपेपरवर लिहिलेलं असेल, ‘अभ्यासात लक्ष नाही, चिडचिड करतो.’ हे म्हणणं कोणाचं? बहुतेक वेळा शाळेतल्या बाईंनी आईला बोलावून सांगितलेलं असतं. आईला मुळात काळजी असते ती तो रात्री झोपेत दचकतो याची. आजीचं म्हणणं, सून कडक आहे. वडील मुंबईला कामाला, ते फोनवरून सांगतात, मीही लहानपणी असाच होतो, कशाला दवाखान्यात नेताय. एका मुलाच्या चार तक्रारी झाल्या, आणि त्याची स्वतःची पाचवी असते, ती कोणी विचारलेलीच नसते. वहीत या सगळ्या वेगवेगळ्या लिही. बाई म्हणतात, आई म्हणते, आजी म्हणते, वडील म्हणतात, मूल म्हणतं. त्यांची मिसळ करून एक गुळगुळीत परिच्छेद केलास की केस हातची गेलीच.

मुलाला एकटं घेतल्यावर ‘तुला काय त्रास होतो?’ असं विचारू नकोस. आधी विचार, आज इथे यायचं हे तुला कोणी सांगितलं, काय सांगून आणलं? बाजारात जाऊया म्हणून आणलेली मुलं असतात, दात दाखवायला म्हणून आणलेली असतात. ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील, असं बसमध्ये दटावलेलं मूल तुझ्यासमोर गप्प बसलं तर त्यात आजार शोधू नकोस. मी कोण, इथे सुई नाही, आपण अमुक वेळ बोलणार आणि मग आई आत येणार, हे त्याला सरळ सांग. मगच पुढचं. आणि त्याच्या घरच्या बोलीत बोल. मालवणी, संगमेश्वरी, बाणकोटी, दालदी असं काय काय बोलणारी घरं आपल्याकडे आहेत. शाळेची मराठी त्या मुलाला परीक्षेसारखी वाटते. तुला आजीची बोली येते, ती ओपीडीत वापरायला लाजू नकोस.

वडिलांना गाठायचं तर आपल्या किनाऱ्याचं वर्ष डोक्यात ठेवावं लागतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. एरवी दर्यावर असलेला बाप या दोन महिन्यांत घरी सापडतो, तेव्हाच त्याची भेट ठरवून टाक. चाकरमानी बाप गणपतीला येतो, नाहीतर मे महिन्यात. गणपतीच्या दिवसांत ओपीडी ओस असते म्हणून विद्यार्थी रजा टाकतात, मला ते पटत नाही. विसर्जन झाल्यावर, परतीची गाडी सुटायच्या आधी, एक सकाळ मागून घ्यायची. जे निर्णय वर्षभर ‘ह्यांना विचारून सांगते’ यावर अडलेले असतात ते त्या एका बैठकीत सुटू शकतात.

देवाला कौल लावला का, कोणाकडे नेलं होतं, हेही विचार. विचारताना तुझ्या चेहऱ्यावर तिटकारा किंवा हसू दिसलं तर ते घर पुन्हा तुला काही सांगणार नाही. माझ्यासाठी त्या प्रश्नाचं उत्तर हा इतिहासाचा महत्त्वाचा भाग असतो. कौलात काय निघालं, घाड्याने, म्हणजे देवाच्या वतीने बोलणाऱ्या गावच्या जाणत्याने, कोणाचं नाव घेतलं, राखणदाराला द्यायची राखण चुकली की भावकीतल्या कोणी काही केलं, यावरून घर या दुखण्याचं कारण कुठे ठेवतंय आणि दोष कोणावर आलाय ते कळतं. अंगात येतं म्हणून आणलेली बारावीतली मुलगी असेल तर ‘हे खरं की खोटं’ हा वाद तू घालायचाच नाही. पहिल्यांदा कधी झालं, त्याच्या आधीच्या आठवड्यात घरात काय घडलं, झाल्यावर घरच्यांच्या वागण्यात काय फरक पडला, एवढं शांतपणे विचारत राहा. देवाला नारळ ठेवा आणि इथेही येत राहा, असं मी बिनदिक्कत सांगते. मात्र मुलाला चटके देणं, मारणं, उपाशी ठेवणं, फिट्सची गोळी बंद करणं, यातलं काही होत असेल तर तिथे ठाम उभं राहायचं.

आता शरीराकडे. मानसशास्त्राचे विद्यार्थी इथे घाई करतात. बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही, अशा मुलाचा ऐकण्याचा तपास झाल्याशिवाय स्वमग्नता किंवा मतिमंदत्व असा शब्द कागदावर येता कामा नये. वर्गात मध्येच काही सेकंद शून्यात बघतो आणि मग जिथे सोडलं तिथून लिहायला लागतो, अशा मुलाला बाई ‘लक्ष नाही’ म्हणतात, पण त्या ॲब्सेन्स प्रकारच्या फिट्स असू शकतात. त्याचा निर्णय मेंदूच्या आलेखावरून डॉक्टर करतील, पण तो तपास सुचायला तू बाईंना नेमकं विचारलेलं हवं. चष्मा, रक्तातलं लोह, थायरॉईड, झोप, हेही बघून घ्यायला सांग. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला जातात. त्यांचं कार्ड घरात असेल तर आईला पुढच्या वेळी घेऊन यायला सांग.

चाचण्यांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुझा निम्मा वेळ त्यातच जाईल. बिने-कामत ही बुद्धिमत्ता मोजणारी चाचणी कामतांनी स्वातंत्र्यापूर्वी मराठी आणि कानडी मुलांवर बेतली. नागपूरच्या डॉ. मालिन यांची मिसिक ही भारतीय मुलांसाठीची बुद्धिमत्ता चाचणी वेक्सलरच्या चाचणीवरून केलेली, तीही १९६० च्या दशकातली. दोन्ही आपल्या मातीत झाल्या म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण नॉर्म्स, म्हणजे तुलनेसाठी धरलेले सरासरी आकडे, जुने असले की आजच्या मुलाचा आकडा फुगून येण्याची शक्यता असते, हे डोक्यात ठेव. बंदरावरच्या किंवा धनगरवाड्यावरच्या मुलाला शब्दांचे प्रश्न अवघड जातात तेव्हा उलटंही होतं. अशा वेळी रेव्हनच्या रंगीत मॅट्रिसेस, सेगाँचा फॉर्म बोर्ड असं बिनशब्दांचं काही जोडीला घे. वाइनलँड, म्हणजे रोजच्या व्यवहारातलं मुलाचं कौशल्य बघणारी चाचणी, घेताना आईला नुसतं ‘स्वतः कपडे घालतो का’ विचारून थांबू नकोस, घरात त्याच्याकडे कोणकोणती कामं आहेत ते विचार. चाचणीत मागे पडलेलं मूल आईबरोबर मासळी बाजारात हिशेब ठेवतं, परतीचे पैसे बरोबर देतं, असं आढळतं. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात आणि अहवालात दोन्ही यायला हव्यात.

अहवाल लिहिताना ‘बुद्ध्यांक ६४’ इथे वाक्य संपवू नकोस. मूल थकलं होतं का, कोणत्या प्रश्नाला उजळलं, कुठे सोडून दिलं, उदाहरण दाखवल्यावर पुढचं जमलं का, हे लिही. त्या कागदावर त्याची शाळा ठरते, सवलती ठरतात, अपंगत्वाचा दाखला ठरतो. २०१६ च्या कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता हीसुद्धा २१ अपंगत्वांपैकी एक आहे. दहावीच्या तोंडावर फक्त दाखल्यासाठी धावत आलेले पालक तुला भेटतील. त्यांच्यावर चिडू नकोस, पण तपास अर्धवटही करू नकोस. नीट शिकवलंच गेलं नाही म्हणून वाचता न येणारं मूल आणि अध्ययन अक्षमता असलेलं मूल यांतला फरक शोधायला शाळेच्या वह्या मागव, पहिलीपासूनचा इतिहास घे.

गुप्ततेचं मात्र पहिल्याच भेटीत, मूल आणि आई दोघांच्या समोर बोलून घ्यावं लागतं. तू सांगशील ते मी आईला सांगणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कोणी तुला इजा करत असेल तर मला सांगावंच लागेल, असं. आधी सगळं गुप्त राहील म्हणून शब्द द्यायचा आणि नंतर तो मोडायचा, याने मूल कायमचं मिटून जातं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाचं लैंगिक शोषण झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. तू प्रशिक्षणार्थी आहेस म्हणून यातून सुटत नाहीस. त्याच दिवशी, घरी जाण्याआधी, सुपरवायझरच्या कानावर घाल. गाव लहान असतं, आरोपी बहुधा ओळखीतला असतो, ‘आमच्या मुलीची बदनामी होईल’ म्हणून आई तुझे पाय धरेल. तिचं भय खरं असतं. तिच्याबरोबर बस, पुढे काय काय होईल ते पायरीपायरीने सांग, पण गप्प राहण्याचं वचन देऊ नकोस. आणि मुलाला तेच तेच खोदून विचारू नकोस. तपास पोलिसांचा, तुझं काम त्याला सावरण्याचं.

किशोरवयीन मुलांना मरणाच्या विचाराबद्दल सरळ शब्दांत विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं. आणि घरच्यांना विचार, आंब्याच्या फवारणीची औषधं कुठे ठेवता? आपल्याकडे ती पडवीत, माळ्यावर, कुणाच्याही हाताला येतील अशी पडलेली असतात. ती कुलपात जाणं, किल्ली मोठ्या माणसाकडे राहणं, हे तुझ्या कितीतरी सत्रांइतकं मोलाचं आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांच्या मदतीचा १०९८, हे दोन्ही नंबर कागदावर लिहून दे. वाडीत रेंज कुठे मिळते हेही विचारून ठेव.

वॉर्डातल्या मुलांसाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ८७ मुळातून वाच. अल्पवयीन मुलाला अपवादात्मक परिस्थितीतच भरती करायचं, मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवायचं, पालक किंवा ठरवलेली व्यक्ती पूर्ण वेळ सोबत हवी, ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायचं. मुलगी असेल आणि तिचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे तिच्या वतीने उपचाराचे निर्णय घेणारा, पुरुष असेल तर सोबतीला स्त्री हवी. सोबत राहणाऱ्या त्या आईची मजुरी बुडते, धाकटं मूल घरी असतं, काजू कारखान्यातलं काम जातं. तिची विचारपूस हाही उपचारच आहे. समाजसेवा अधीक्षकांशी पहिल्या आठवड्यातच ओळख करून घे. १९३७ साली मुंबईत, आजच्या टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), बाल मार्गदर्शन केंद्र सुरू झालं तेव्हापासून हे काम एकट्याचं मानलेलं नाही.

पावसाबद्दल एक सांगायचं राहिलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्याच दिवशी महाडजवळ तळीये गावावर दरड आली. असं काही बघितलेलं मूल पुढच्या पावसाळ्यात अंथरूण ओलं करतं, दप्तर माळ्यावर ठेवतं, आईला नजरेआड होऊ देत नाही. लगेच मोठं नाव देऊ नकोस. बहुतेक मुलं घर, शाळा, झोप पूर्ववत झाली की सावरतात. जी महिनोन्‌महिने सावरत नाहीत त्यांना नीट उपचार हवेत. कुठल्याच मुलाकडून त्या दिवसाची हकिकत पहिल्या भेटीत वदवून घेऊ नकोस. ते खेळात पूर आणत असेल तर आणू दे, शेजारी बस.

तुझ्या ज्या मैत्रिणी एम.ए. झाल्या झाल्या ‘बालमानसतज्ज्ञ’ अशी पाटी लावतायत त्यांना सांग, भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि नोंदणी याशिवाय चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवून घेता येत नाही. यात मुलांचं रक्षण आहे.

सुपरवायझरकडे जाताना निष्कर्ष घेऊन जाऊ नकोस, संवाद घेऊन जा. मूल काय म्हणालं, तू काय म्हणालीस, मग ते कुठे बघायला लागलं. कंटाळा आला, राग आला, त्याला घरी घेऊन जावंसं वाटलं, तेही सांग. विशेषतः घरी न्यावंसं वाटलं तर नक्की सांग, कारण तेव्हा तू आईच्या विरुद्ध बाजूला उभी राहिलेली असतेस आणि मुलाला परत त्याच आईकडे जायचं असतं.

पोस्टिंग संपायची तारीख मुलांना आधीपासून सांगून ठेव. या मुलांनी कितीतरी ताई येऊन गेलेल्या पाहिल्या आहेत. एक दिवस जुनी ताई नाही, तिच्या खुर्चीत दुसरीच कोणी बसलीय, असं होऊ देऊ नकोस. कॅलेंडरवर दोघं मिळून खूण करा, उरलेल्या भेटी मोजा, पुढच्या ताईशी त्याची ओळख तू स्वतः करून दे. रागावून ते शेवटच्या भेटीला आलं नाही तरी तू त्या वेळी खोलीत बसून राहा.

केस कागद मला पाठवू नकोस, नावं काढूनही नको. त्यांची जागा तुझ्या सुपरवायझरकडे. मला तुझं लिही, झोप लागते का, जेवतेस का, कोणत्या दिवशी रडू आलं. कलम ८७ वाचून काही अडलं तर रविवारी दुपारी फोन कर, मी पुस्तक घेऊन बसेन.

तुझी,
मॅडम