अपडेटनंतर नकाशा गायब

प्रश्न: ट्रेकसाठी वापरतो त्या जीपीएस यंत्राचं सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि मायक्रोएसडी कार्डावरचा सह्याद्रीचा नकाशा दिसेनासा झाला. पडद्यावर नुसते मोठे रस्ते उरलेत. शनिवारी रतनगडला निघायचंय. कार्ड फॉरमॅट करू का?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर: फॉरमॅट मुळीच करू नका. मी घाईघाईने केलं होतं आणि तीन पावसाळे फिरून नोंदवलेल्या पाण्याच्या टाक्यांच्या खुणा पुसल्या गेल्या. त्याची हळहळ अजून आहे.

आधी सेटिंगमधली नकाशांची यादी उघडा. अपडेटनंतर कधीकधी तिथली निवड मूळ स्थितीला जाते. तुमच्या नकाशाचं नाव दिसलं तर ते चालू करा, बहुतेक वेळा एवढ्यानेच भागतं.

नाव नसेल तर यंत्र बंद करून कार्ड काढा, सोनेरी पट्ट्या कोरड्या सुती फडक्याने पुसा आणि कार्ड रीडरमधून संगणकाला लावा. फायली दिसल्या की आधी सगळ्यांची प्रत काढून ठेवा. मग कार्डाचा फॉरमॅट, म्हणजे त्यावर फायली साठवण्याची पद्धत, कोणता आहे ते पाहा. बरीच यंत्रं फॅट३२ ही पद्धतच वाचतात, तर 64 जीबीची नवी कार्डं एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत येतात, म्हणून अशा यंत्राला ती वाचता येत नाहीत. फॅट३२ मध्ये एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी मावत नाही, हेही ध्यानात असू द्या. विकतचा नकाशा कार्डाशी बांधलेला असेल, तर दुसऱ्या कार्डावर केलेली त्याची प्रत चालणार नाही.

शनिवारपर्यंत जमलं नाही, तर भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 चा कागदी नकाशा आणि होकायंत्र घ्या, आणि रतनवाडीतून गावचा वाटाड्या सोबत न्या.