पणजोबा मुंबईत कुठे राहायचे, हे जुन्या शहर-डिरेक्टऱ्यांतून कळेल का?

तुम्ही लिहिलंय की पणजोबा 1920 च्या सुमारास रत्नागिरीकडून मुंबईला आले, गिरगावातल्या कुठल्याशा चाळीत राहायचे आणि छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायचे. याहून जास्त घरात कुणालाच ठाऊक नाही. त्यांचं नाव डिरेक्टरीत मिळेल का, असा तुमचा प्रश्न आहे.

नाव बहुधा मिळणार नाही. तरी सुरुवात डिरेक्टरीपासूनच करा, फक्त पणजोबांऐवजी त्यांचा छापखाना शोधा.

त्या काळात मुंबईसाठी टाइम्स ऑफ इंडियाची डिरेक्टरी, म्हणजे नाव-पत्त्यांचं जाड पुस्तक, निघायची. कलकत्त्याची थॅकरची डिरेक्टरी आधी बंगालपुरती होती, ती 1885 पासून सगळ्या हिंदुस्थानची झाली. दोन्ही इंग्रजीत, जाडजूड, आणि घेणारे म्हणजे कंपन्या, कचेऱ्या, क्लब. त्यामुळे आत कोण असणार ते उघड आहे: सरकारी खाती आणि त्यांतले अधिकारी, वकील, डॉक्टर, पेढ्या, गिरण्यांचे एजंट, शाळा, छापखाने. गिरणीतला साचेवाला किंवा छापखान्यातला जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा, यांना त्यात जागा नव्हती. म्हणून नाव नाही दिसलं तर 'पणजोबा मुंबईत नव्हतेच' असा अर्थ कृपा करून काढू नका. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज त्या पानांवर नाहीत.

पण ज्याने त्यांना पगार दिला तो मालक त्या पानांवर असू शकतो. धंद्यांच्या यादीत छापखान्यांचं सदर काढा आणि गिरगाव, ठाकुरद्वार, काळबादेवी या टापूतले पत्ते उतरवून घ्या. 1915 पासून 1930 पर्यंतचे जेवढे अंक हाती लागतील तेवढे बघा. एका अंकाने काही कळत नाही. कुठला छापखाना कधी दिसू लागला, कधी जागा बदलली, कधी गायब झाला, हे ओळीने अंक पाहिल्यावरच उमगतं. आणि 1920 च्या अंकातली माहिती खरं तर 1919 मध्ये गोळा केलेली असते, हे ध्यानात असू द्या.

यादी हाती आली की घरातली जुनी पुस्तकं काढा. पोथ्या, पंचांगं, स्तोत्रांच्या पुस्तिका, सगळं. छापखान्यात काम करणाऱ्याच्या घरी त्याच छापखान्याची पुस्तकं येणं साहजिक आहे. 1867 च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण घालणं बंधनकारक होतं. निर्णयसागर छापखान्याची जुनी पुस्तकं पाहिलीत तर मुद्रक म्हणून रामचंद्र येसू शेडगे आणि पत्ता म्हणून 26-28, कोळभाट लेन असं छापलेलं दिसेल. माणूस आणि गल्ली, दोन्ही एकाच ओळीत. एकाच छापखान्याची तीन-चार पुस्तकं तुमच्या माळ्यावर निघाली, तर मी तरी आधी त्याच छापखान्याच्या मागे लागेन.

आता पत्त्यांबद्दल, कारण इथे फार जण अडकतात. डिरेक्टरीतला गिरगाव बॅक रोड म्हणजे आजचा विठ्ठलभाई पटेल रोड. गिरगाव रोडचा जगन्नाथ शंकरशेट मार्ग झाला, सँडहर्स्ट रोडचा सरदार पटेल मार्ग, लॅमिंग्टन रोडचा भडकमकर मार्ग. शेपर्ड नावाच्या गृहस्थांनी मुंबईतल्या रस्त्यांच्या आणि ठिकाणांच्या नावांवर 1917 मध्ये एक पुस्तक काढलं होतं. तुमच्या काळाला ते अगदी लागू पडतं, जवळ ठेवाच. घरनंबरांवर मात्र विसंबू नका, ते बदलत आलेत. चाळ नक्की झाली की तिचा सी. एस. नंबर, म्हणजे जमिनीच्या मोजणीतला क्रमांक, काढा. प्रॉपर्टी कार्ड त्या नंबरावर निघतं आणि मालकी कुणाकडून कुणाकडे गेली ते त्यात दिसतं. मालकाचं घराणं सापडलं तर भाडेकरूंच्या वह्या असण्याची शक्यता असते, आणि तुमच्या पणजोबांचं नाव असलंच तर तिथे असेल.

ज्यांचे पूर्वज वकील, डॉक्टर किंवा दुकानदार होते त्यांच्यासाठी थोडं वेगळं सांगतो. आडनावावर शोधून थांबू नका. एकोणिसाव्या शतकात आपली माणसं स्वतःचं आणि वडिलांचं नाव एवढंच लावत. भाऊ दाजींचं आडनाव लाड, पण त्या काळच्या कागदांत ते बहुतेक 'भाऊ दाजी' म्हणूनच भेटतात. स्पेलिंगची तर तऱ्हाच न्यारी. खुद्द नाना शंकरशेट इंग्रजीत 'जुग्गोनाथ संकरसेट' असे लिहिले जात. तेव्हा सखाराम, विठ्ठल, वासुदेव ही नावं किती प्रकारे लिहिली गेली असतील ते आधी कागदावर मांडा, आणि स्कॅनमधल्या शब्दशोधावर भिस्त न ठेवता यादी डोळ्यांनी वाचा.

माझ्या आईच्या आजोबांचं ठाकुरद्वारला औषधांचं दुकान होतं. त्यांच्या मृत्यूचा दाखला आमच्याकडे आहे, पण डिरेक्टरीत मालक म्हणून त्यांचंच नाव पुढेही येत राहतं. दुकान त्यांच्या नावाने चालू होतं आणि माहिती घ्यायला येणाऱ्याला तेच नाव सांगितलं जात असणार. म्हणून डिरेक्टरीतल्या वर्षाला दुसऱ्या कागदाचा आधार मिळाल्याशिवाय वंशावळीत तारीख घालू नका. माझं याबाबतीत ठाम मत आहे. एकदा चुकीची तारीख घरच्या वंशावळीत शिरली की ती पुढच्या पिढ्या खरी मानून चालतात.

हे अंक फोर्टात एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात विचारा, आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारातही. काही वर्षांचे अंक आर्काइव्ह डॉट ऑर्गवर घरबसल्या वाचता येतात.

वाडी किंवा चाळ निश्चित झाली की आजोबांचा जन्म मुंबईतला आहे का ते बघा. असेल तर महापालिकेची जन्मनोंद वॉर्डनिहाय शोधता येते. आजोबा ज्या शाळेत गेले तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा मागा. त्यात जन्मतारखेबरोबर जन्मगाव असतं, आणि तुम्हाला मूळ गाव नक्की माहीत नसेल तर हाच सगळ्यात जवळचा रस्ता. गाव कळलं की तहसीलमधला गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर. 2023 नंतर कुणबी नोंदींच्या शोधामुळे बऱ्याच जिल्ह्यांनी जुनी दप्तरं स्कॅन करून संकेतस्थळांवर टाकली आहेत. बरीचशी मोडीत आहेत, वाचणारा सोबत लागेल.

आणि गावाचं मुंबई मंडळ, म्हणजे मुंबईत आलेल्या गावकऱ्यांची संस्था, विसरू नका. कोकणातून आलेली माणसं आधी गावकीच्या खोलीवर उतरायची, वर्गणी भरायची, आणि वर्गणीच्या वहीत नाव चढायचं. जो जुळारी कुठल्याही डिरेक्टरीत नाही, तो अशा वहीत महिन्याच्या वर्गणीसकट सापडू शकतो. मंडळाच्या जुन्या चिटणिसांच्या घरी चौकशी करा. छापखान्याचं नाव लागलं तर इथे कळवा, त्याच्या पत्त्यावरून पुढचं बघायला मी मदत करीन.