कॅमेऱ्यासोबत मिळालेली किट लेन्स आहे. दक्षिण गोव्यात आकाशगंगा टिपायची तर आधी फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी घ्यावी की लेन्स?

आधी लेन्स घ्या. तुमच्या क्रॉप-सेन्सर (लहान सेन्सरच्या) बॉडीवर १६ मिमी एफ/१.४ बसवा; एफचा आकडा जितका लहान, तितकं प्रकाश आत घेणारं छिद्र मोठं. किट लेन्सचं छिद्र १८ मिमीला एफ/३.५ असतं. नवी लेन्स एफ/२ ला वापरली, तरी तिप्पट प्रकाश आत येतो. एफ/१.४ ला मात्र कोपऱ्यातले तारे पंखांसारखे पसरलेले दिसतात, म्हणून एफ/२ च बरं. सुरुवात शटर १२ सेकंद उघडं ठेवून, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ३२०० ने करा. २० सेकंदांवर तारे लांबट दिसू लागतात. फोकस लाइव्ह व्ह्यूत (कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर) ठळक तारा मोठा करून हातानेच. दिवसाच्या निसर्गचित्रांना हीच लेन्स एफ/८ ला चालते.

उरलेले पैसे ट्रायपॉडमध्ये घाला. मधला दांडा वर काढू नका, पाय वाळूत दाबून घट्ट रुतवा आणि घरी येताच गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर खारं पाणी सांधे खातं. आपल्याकडे खरा शत्रू दव: अर्ध्या तासात काच धूसर होते आणि माणूस फोकसला दोष देत बसतो. पॉवर बँकवर चालणारा हीटर पट्टा लेन्सभोवती गुंडाळा. एसी खोलीतून निघताना कॅमेरा थोडा वेळ बंद बॅगेतच राहू द्या, म्हणजे थंड काचेवर बाष्प धरणार नाही.

एवढं करूनही चांदणं असेल तर फायदा नाही. अमावस्येच्या आसपासच जा. मे महिन्यात पहाटे आकाशगंगेचा गाभा समुद्राच्या बाजूला, नैर्ऋत्येला कलतो. गालजीबाग, आगोंदच्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात, तिथे टॉर्च नकोच.