चिमटा खाली पडला, तर तसे लिहावे

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. नोकरीचा परवाना हाती आला हे वाचून फार बरे वाटले; दोन वर्षे घरात बसून काढल्यावर त्या कागदाचे मोल किती असते, हे मी स्वतः अनुभवले आहे. मात्र पत्राच्या शेवटी तू जे विचारलेस, त्याचे उत्तर फोनवर पाच मिनिटांत देऊन मोकळे होणे मला बरे वाटेना, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे. कराडला सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या मुलीने इथे नॉर्थ कॅरोलायनात येऊन, जैवऔषधांच्या कारखान्यातील तंत्रज्ञाचे काम शिकायला पुन्हा कम्युनिटी कॉलेजच्या, म्हणजे स्थानिक सरकारी कॉलेजच्या वर्गात, नुकतीच शाळा संपवलेल्या मुलांच्या आणि गोदामात काम करणाऱ्या माणसांच्या शेजारी बसावे का, आणि बसलीच तर सासर-माहेरच्यांना काय सांगावे, असा तुझा प्रश्न आहे. बसावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सासर-माहेरच्यांना काय सांगायचे, ते हे पत्र वाचून झाल्यावर तुझे तुला सुचेल.

आधी या तंत्रज्ञाचे काम काय असते ते पाहू. तुझ्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरात क्लेटनला इन्सुलिनचा आणि रक्तद्रवापासून औषधे काढण्याचा मोठा उद्योग आहे, होली स्प्रिंग्जला फ्लूची लस अंड्यांऐवजी पेशींत वाढवून तयार होते, आणि रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये प्रतिपिंडांची (अँटिबॉडीची) औषधे तयार होतात. यांतील बरीचशी औषधे जिवंत पेशींकडून किंवा सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतली जातात, आणि तंत्रज्ञाचे काम त्यांना सांभाळण्याचे असते. चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून आलेल्या पेशींचे उदाहरण घे. बोटभर कुपीतून त्या बाहेर काढायच्या, फ्लास्कमध्ये वाढवायच्या, मग थोड्या मोठ्या भांड्यात, मग त्याहून मोठ्या, असे करीत काही आठवड्यांनी हजारो लिटरच्या बायोरिॲक्टरपर्यंत, म्हणजे पेशी वाढवायच्या टाकीपर्यंत, न्यायच्या. तापमान ३७ अंशांच्या आसपास, सामू (पीएच) सातच्या जवळ, विरघळलेला ऑक्सिजन ठरलेल्या मर्यादेत. त्यानंतर गाळणे, मिश्रणातले पदार्थ वेगळे करणाऱ्या क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभातून शुद्ध करणे, विषाणू अडवणाऱ्या गाळणीतून पुढे नेणे, आणि शेवटी निर्जंतुक खोलीत कुप्या भरणे. हे सारे तू पुस्तकात वाचले आहेस. पण पाइपाचा एखादा जोड नीट बसला आहे की नाही, हे हाताला कळावे लागते, आणि ते पुस्तकातून हातात येत नाही.

आता या अभ्यासक्रमांमागचा इतिहास सांगते, कारण तो कळला की ज्या वर्गात बसायला तुला संकोच वाटतो आहे, त्याच्याकडे तू वेगळ्या नजरेने पाहशील. हे राज्य तंबाखूचे, कापडगिरण्यांचे आणि फर्निचरचे. कारखाना राज्यात आला तर त्याचे कामगार सरकारी खर्चाने शिकवून देऊ, ही पद्धत इथे १९५८ साली सुरू झाली. १९६३ च्या कायद्याने कम्युनिटी कॉलेजांची व्यवस्था उभी राहिली, आणि आज अशी ५८ कॉलेजे आहेत. पुढे १९९८ साली, धूम्रपानाच्या आजारांवरील खर्चाच्या भरपाईसाठी, सिगारेट कंपन्या आणि अमेरिकेतील राज्ये यांच्यात मोठी तडजोड झाली. नॉर्थ कॅरोलायनाच्या वाट्याला आलेल्या रकमेतील निम्मी रक्कम गोल्डन लीफ नावाच्या प्रतिष्ठानाकडे देण्याचे ठरले, आणि तंबाखूवर जगणाऱ्या भागांना नवा आधार देणे हे त्याचे काम झाले. याच प्रतिष्ठानाने २००३ साली जैवऔषधनिर्मितीच्या प्रशिक्षणासाठी सुमारे सहा कोटी डॉलर द्यायचे ठरवले. त्यातून कम्युनिटी कॉलेजांचे बायोनेटवर्क उभे राहिले आणि रॉलीच्या राज्य विद्यापीठात २००७ साली बीटेक (BTEC; पदवी नव्हे) नावाचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले, जिथे खऱ्या कारखान्यासारखी भांडी, खऱ्यासारख्या स्वच्छ खोल्या आणि खरेच नियम आहेत. ज्या जिल्ह्यांत पिढ्यानपिढ्या तंबाखूची पाने खुडली गेली, तिथली माणसे आज इन्सुलिनच्या कुप्या भरतात, आणि त्यांच्या शिक्षणाचा पैसा तंबाखूच्याच भरपाईतून आलेला आहे. मी आता हेच शिकवते, आणि ही गोष्ट माझ्या दर तुकडीला पहिल्या दिवशी सांगते, आणि इतक्या वेळा सांगूनही सांगताना माझा गळा दाटून येतो.

तू ज्याची चौकशी केलीस तो बायोवर्क अभ्यासक्रम याच परंपरेतला. सुमारे १३० तासांचा, शालान्त शिक्षण झालेल्या कोणालाही खुला. वेक टेक, डरहॅम टेक, जॉन्स्टन अशा अनेक कॉलेजांत तो चालतो, आणि नोकरी सांभाळून येणाऱ्यांसाठी संध्याकाळच्या तुकड्याही असतात. त्यातील जीवशास्त्र तुला सोपे जाईल, यात शंका नाही. म्हणूनच तुला इशारा देते: सोपे जाते म्हणून तू दुर्लक्ष करशील, आणि नेमके ज्यासाठी तिथे जायचे तेच निसटेल.

ते काय, हे सांगण्यासाठी माझी स्वतःची चूक सांगावी लागेल. मी एका कारखान्यात नवीन होते. बफर, म्हणजे सामू स्थिर ठेवणारे द्रावण, तयार करण्याची पाळी होती. पाचशे लिटरची टाकी, तीन क्षार वजन करून घालायचे. बॅच रेकॉर्डमध्ये, म्हणजे त्या खेपेच्या कामाच्या नोंदवहीत, प्रत्येक वजनापुढे दोन रकाने असतात: एक करणाऱ्याच्या सहीचा, दुसरा प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या सहीचा. माझे काम पाहण्याचे होते. जोडीदार अनुभवी होता, मी त्याच वेळी दुसऱ्या टेबलावर सामूमापक लावत होते, आणि त्याने "झाले" म्हटल्यावर मी काट्याकडे न बघता दुसऱ्या रकान्यात सही केली. क्षाराच्या पिशवीवरचा लॉट क्रमांक, म्हणजे मालाची खेप सांगणारा आकडा, नोंदीपेक्षा वेगळा होता. दोन तासांनी तो फरक गुणवत्ता विभागाच्या लक्षात आला, टाकी ओतून द्यावी लागली आणि क्रोमॅटोग्राफीचे काम एक दिवस खोळंबले. रागावले कोणी नाही. चौकशी करणाऱ्या बाईंनी मला एकच विचारले, "ही सही तू कशाची केलीस?" मला उत्तर देता आले नाही. एम.एस्सी.ला मी पहिल्या वर्गात आले होते, पण सही म्हणजे "मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिले" अशी साक्ष असते, हे मला कोणत्याही प्रयोगशाळेच्या वहीने शिकवले नव्हते. खरे सांगायचे तर आपल्याकडे आम्ही निरीक्षणे आधी पेन्सिलीने लिहीत असू आणि आलेख जुळला की पेनाने गिरवत असू. तूही हे केले असशील.

माझे लहानपण परळला गेले. हाफकिन संस्थेच्या आवारावरून आम्ही शाळेत जात असू, आणि मुलकोवालची गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली. १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये डॉ. वाल्देमार हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली, आणि तिथून लशीच्या बाटल्या देशभर जात. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचून घेतलेल्या एकोणीस जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस दिलेली होती. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे पुरावे पुन्हा तपासले गेले, तेव्हा गावातच बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बूच काढायला वापरला होता, ही गोष्ट निर्णायक ठरली. १९०७ पर्यंत, म्हणजे तब्बल पाच वर्षे, एका थोर शास्त्रज्ञाला तो डाग वागवावा लागला.

या गोष्टीत माझे लक्ष हाफकिन यांच्यापेक्षा त्या मदतनिसाकडे जाते. चिमटा खाली पडणे हा गुन्हा नव्हे. माझ्याही हातून कितीतरी वस्तू पडल्या आहेत. पण पडलेली वस्तू बाजूला ठेवायची, दुसरी घ्यायची आणि वेळ घालून तसे लिहायचे, हे त्याला कोणी शिकवले होते का? तंत्रज्ञांचा चांगला अभ्यासक्रम शिकवतो ते हेच. चुकीच्या नोंदीवर एकच आडवी रेघ, खालचे वाचता आले पाहिजे, शेजारी आद्याक्षरे, तारीख आणि कारण. खाडाखोड नाही, पांढरी शाई नाही, नंतर आठवून लिहिणे तर नाहीच. माझ्या वर्गात विद्यार्थी पाण्याने भरलेल्या बायोरिॲक्टरवर सराव करतात, आणि मी मुद्दाम मध्येच एखादी झडप बंद करून ठेवते. ती शोधून उघडणे थोड्या वेळात सगळ्यांनाच जमते. पण "१०:४० वाजता झडप बंद आढळली, पर्यवेक्षकांना कळवले" असे आपणहून लिहिणारे सुरुवातीला तीन-चारच असतात. अभ्यासक्रम संपेपर्यंत सगळे लिहू लागतात, आणि तेवढ्यासाठी १३० तास लागले तरी ते मला जास्त वाटत नाहीत.

प्रशिक्षण अपुरे पडले तर काय होते, याचे उदाहरण शोधायला शंभर वर्षे मागे जायला नको. २०२१ साली बाल्टिमोरच्या एका कारखान्यात कोविडच्या दोन वेगवेगळ्या लशींचे काम एकाच छताखाली चालू असताना एकीचा अंश दुसरीत गेला आणि सुमारे दीड कोटी मात्रांइतका माल फेकून द्यावा लागला. त्यानंतरच्या सरकारी तपासणीत कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि पोशाख बदलण्याची शिस्त यांवर स्पष्ट बोट ठेवले होते. अंगावरचा झगा कुठे उतरवायचा, इतकी ती साधी बाब, आणि त्या वेळी माणसे लशीसाठी रांगेत उभी होती.

कॉलेज आणि उद्योग यांची भागीदारी हा शब्द तुला प्रत्येक माहितीपत्रकात दिसेल, पण त्यावर लगेच विश्वास ठेवू नकोस. माहितीसत्राला जाशील तेव्हा विचार: शिकवणाऱ्यांपैकी कारखान्यात प्रत्यक्ष पाळी केलेले किती जण आहेत? यंत्रे कंपन्यांनी दिलेली आहेत का, आणि चालू आहेत का? अभ्यासक्रम शेवटी कधी बदलला, आणि कोणाच्या सांगण्यावरून? पूर्ण करणाऱ्याला कंपन्या किमान मुलाखतीला तरी बोलावतात का? खरी भागीदारी कशी असते, ते क्लेटनला दिसते. तिथे नोवो नॉर्डिस्क आणि ग्रिफोल्स यांच्यासारख्या कंपन्या ज्या विशेष करक्षेत्रात येतात, त्यातील जादा कराच्या पैशावर जॉन्स्टन कम्युनिटी कॉलेजचे प्रशिक्षण केंद्र चालते. ज्याच्या खिशातून पैसा जातो, तो अभ्यासक्रमात काय आहे ते विचारतो. जिथे भागीदारी म्हणजे भिंतीवर लावलेली बोधचिन्हे एवढेच असते, तिथे दहा वर्षांपूर्वीची यंत्रे आणि त्याहून जुनी टिपणे मिळतात. विद्यार्थ्यांचा वेळ असा वाया गेलेला पाहिला की मला संताप येतो, कारण त्यांतील बहुतेक जण एका पगाराचा खाडा करून वर्गात आलेले असतात.

कामाच्या इतर बाबी थोडक्यात सांगते. बारा तासांच्या पाळ्या सर्रास असतात, रात्रपाळीही येते. पेशी रविवार पाळत नाहीत. स्वच्छ खोलीत मंगळसूत्र, बांगड्या, टिकली, काजळ काही चालत नाही, हे घरी आधीच सांगून ठेव म्हणजे पुढे वाद नकोत. पाठीचे आणि पायांचे दुखणे खरे असते, बूट चांगले घे. पाळी बदलताना पुढच्या माणसाला तोंडी नीट सांगता आले पाहिजे, म्हणून इंग्रजी उच्चारांची लाज सोडून वर्गात मोठ्याने बोल. पदवीचा उपयोग होणार नाही असे समजू नकोस. दोन-तीन वर्षे प्रत्यक्ष काम केल्यावर गुणवत्ता विभागात किंवा प्रक्रियाविकासात जाताना तीच पदवी पुढे येते, आणि तेव्हा तू अशी शास्त्रज्ञ असशील जिला टाकीचा जोड कुठे गळतो हे माहीत आहे. मला अशा माणसांबरोबर काम करायला सर्वांत जास्त आवडले.

तुझ्या शेजारी कोण बसेल, ही तुझी काळजी मी विसरलेले नाही. माझ्या मागच्या तुकडीत एक बाई होत्या, वय पन्नाशीच्या पुढे, कापडगिरणीत वीस वर्षे काढलेल्या. पेशी म्हणजे काय हे त्यांना पहिल्या आठवड्यात समजले नव्हते. पण धावणाऱ्या यंत्राचा आवाज बदलला की त्या मान वर करीत, आणि पंप बिघडायच्या आधीच सांगत. माझ्या वर्गातील दोन पदवीधर मुले अखेर त्यांच्या शेजारची जागा धरू लागली. तुलाही तशी कोणी भेटली तर तिच्याजवळ बस.

माहितीसत्र पुढच्या महिन्यात आहे, नाव आताच नोंदव, कारण जागा लवकर भरतात. त्याआधी एखाद्या रविवारी दुपारी घरी ये. झगा, टोपी, मोजे आणि हातमोजे जमिनीला किंवा बाहेरच्या बाजूला न लागू देता कसे चढवायचे ते मी तुला दाखवते. पहिल्यांदा वीस मिनिटे लागतील, घाई करू नकोस. जुन्या बॅच रेकॉर्डच्या नमुन्याची कोरी प्रतही काढून ठेवते, ती आपण दोघी मिळून भरू. येताना पेन घेऊन ये, पेन्सिल नको.

तुझी,
काकू