कॅटलोनिया वेगळा झाला तर? बार्सिलोनाला यायच्या आधी

तुम्ही विचारलंय की बार्सिलोनातली ऑफर हातात आहे, पण कॅटलोनिया (बार्सिलोना ज्याची राजधानी आहे तो स्पेनचा स्वायत्त प्रदेश) स्पेनपासून वेगळा झाला तर व्हिसा, नोकरी आणि मुलीच्या शाळेचं काय? त्यापेक्षा माद्रिद बरं का? मी २०१६ पासून इथं आहे, म्हणजे २०१७चा ऑक्टोबर जवळून पाहिलाय. सीमा हलेल या भीतीनं ऑफर सोडू नका.

त्या १ ऑक्टोबरला कॅटलोनियाच्या स्वातंत्र्यावर सार्वमत झालं. घटना न्यायालयानं ते आधीच स्थगित केलं होतं, तरी शाळाशाळांत मतपेट्या लागल्या आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या. मतदान जेमतेम ४३ टक्के; त्यातली ९० टक्के मतं स्वातंत्र्याला, कारण विरोधातले बहुतेक घरीच बसले. रोज रात्री दहाला आमच्या गल्लीत बाल्कन्यांतून निषेध म्हणून पातेली बडवली जायची. एका कठड्यावर स्वातंत्र्यवाद्यांचा चांदणीचा झेंडा, शेजारच्या कठड्यावर स्पेनचा, आणि लिफ्टमध्ये तेच दोघे फक्त पावसापाण्याचं बोलायचे. २७ तारखेला कॅटलान संसदेनं स्वातंत्र्य जाहीर केलं. त्याच दिवशी माद्रिदच्या सिनेटनं घटनेच्या कलम १५५ला, म्हणजे कॅटलोनियाचा कारभार केंद्रानं हाती घ्यायला, मंजुरी दिली आणि इथलं सरकार बरखास्त झालं. युरोपीय संघातल्या एकाही देशानं नव्या देशाला मान्यता दिली नाही.

का दिली नाही, तेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. तुम्ही नागपूरचे, त्यामुळे वेगळा विदर्भ डोक्यात असणार. पण विदर्भ वेगळा झाला तरी देश तोच, नोटा त्याच. इथं तसं नाही. सदस्य देशातून फुटून निघालेला प्रदेश आपोआप संघाबाहेर पडतो, अशी युरोपीय आयोगाची भूमिका आहे. परत यायचं तर नव्यानं अर्ज आणि सगळ्या सदस्य देशांची संमती, म्हणजे स्पेनचीही! ज्या स्पेननं सर्बियातून फुटलेल्या कोसोव्होला अजून मान्यता दिलेली नाही, तो कॅटलोनियासाठी हात वर करेल? वेगळं व्हायची मागणी असलेलं कॉर्सिका बेट फ्रान्सच्या पोटात आहे, तसाच फ्लँडर्स प्रदेश बेल्जियमच्या पोटात. प्रत्येकाच्या घरात असं एखादं पातेलं आहेच. (बेल्जियमची तर गंमत आहे. फ्लँडर्सच्या राष्ट्रवादी पक्षाचे बार्ट दे वेव्हर २०२५ मध्ये त्याच बेल्जियमचे पंतप्रधान झाले.)

पैशाचं मात्र खरं हललं. त्या आठवड्यांत काइशाबँकेनं नोंदणीकृत कार्यालय कॅटलोनियाबाहेर वालेन्सियाला नेलं, साबादेल बँकेनं अलिकान्तेला. साबादेल २०२५ मध्ये परतली. कामं, माणसं, शाखा होत्या तिथंच राहिल्या. तरी तुमच्या कंपनीचा करार स्पेनमधल्या कुठल्या पत्त्यावरून होतोय, ते विचारून ठेवा.

आता वारा बदललाय. २०२४च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी पक्षांचं बहुमत गेलं आणि समाजवादी साल्वादोर इया कॅटलोनियाचे अध्यक्ष झाले. पण प्रश्न मिटला असं समजू नका, तो माद्रिदला जाऊन बसलाय. २०२३ मध्ये पेद्रो सांचेझ यांना पंतप्रधान व्हायला ३५० जणांच्या सभागृहात पुजदेमॉन (२०१७ मधले कॅटलोनियाचे अध्यक्ष) यांच्या पक्षाचे ७ खासदार लागले. बदल्यात स्वातंत्र्याच्या चळवळीत खटले झालेल्यांना माफीचा कायदा आला. त्यामुळे तुम्ही माद्रिदला गेलात तरी चहाच्या टेबलावर विषय हाच, फक्त आवाज चढलेला.

व्हिसा आणि राहण्याचं कार्ड दोन्ही स्पेनचं, कार्ड तर राष्ट्रीय पोलीस देतात. त्याची काळजी सोडा.

खरी तयारी हवी ती मुलीच्या भाषेची. सरकारी शाळेत शिकवण्याची मुख्य भाषा कॅटलान आहे. किमान २५ टक्के शिकवणं स्पॅनिशमध्ये व्हावं, यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या, पण वर्गात आणि पालकसभेत कॅटलानच कानावर पडतं. सात-आठ वर्षांची असेल तर वर्षभरात बोलायला लागेल. चौदाची असेल तर मात्र मी दहादा विचार करेन. शाळेसाठी आधी महापालिकेत पत्त्याची नोंद लागते, तिला इथं ‘पादरोन’ म्हणतात. भाड्याच्या करारात घरमालक ती करू देणार का, हे सही करण्याआधी विचारा. मला एकानं नाही म्हटलं होतं आणि माझे दोन महिने गेले.

आणि पहिलं वर्षभर ऑफिसात कुणी विचारलंच, ‘तुमचं मत काय?’, तर ‘अजून भाषा शिकतेय’ म्हणायचं. मी अजून तेच म्हणते.